गाडीच्या रंगाची गेलेली चमक घरच्या घरी परत आणताना

गडद रंगाची गाडी उन्हात उभी असताना बॉनेटवर पडलेलं सूर्याचं प्रतिबिंब जरा तिरकं होऊन बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतील. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या बारकाईने साफ करून चमकवून देणारे, त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. प्रत्यक्षात ते चरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात, पण प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. यातले बहुतेक चरे रस्त्यावर पडलेले नसतात. ते गाडी पुसताना पडलेले असतात. म्हणून पॉलिशचं मशीन विकत घेण्याआधी धुण्याची आणि पुसण्याची पद्धत बदला. नाहीतर घासून आणलेली चमक एका पावसाळ्यात जाईल.

सात-आठ वर्षं जुनी, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये झाडाखाली उभी राहणारी, रोज सकाळी कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून जातं अशी साधी हॅचबॅक समोर ठेवून मी हे लिहितोय. तुमची गाडी मोठी असली तरी पद्धत तीच.

रंगात नेमकं असतं काय

पत्र्यावर आधी गंज रोखणारा ई-कोट असतो, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून येताना हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे जी चमक आपण जपायला निघालोय ती केसाच्या जाडीपेक्षाही पातळ थरात आहे.

पॉलिशने चरा भरला जात नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून पातळी खाली आणली जाते, तेव्हा चरा नाहीसा होतो. प्रत्येक पॉलिशला तो थर थोडा झिजतो आणि घरी तो पुन्हा चढवता येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं काम हाच थर करतो. तेव्हा कमीत कमी घासून काम भागवायचं, हे सुरुवातीलाच ठरवून टाका. दोन-चार खोल चरे राहिले तर राहू द्या.

आधी गाडी वाचा

धुतलेली, कोरडी गाडी सावलीत घ्या आणि मोबाइलचा टॉर्च रंगापासून हातभर अंतरावर धरून एकेक पॅनल बघा. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा क्लिअर कोटच्या आरपार किंवा जवळजवळ आरपार गेलेला आहे आणि पॉलिशने तो जाणार नाही. नख सहज सरकलं तर आशा आहे.

छतावर किंवा बॉनेटवर पांढरट चट्टे असतील आणि त्यांच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटत असतील, तर क्लिअर कोट मेलेला आहे. तिथे कुठलंही पॉलिश लावून उपयोग नाही. ते पॅनल पुन्हा रंगवावंच लागतं. याच तपासणीत आधी डेंटिंग-पेंटिंग झालेली जागा शोधून ठेवा. रंगाची छटा किंचित वेगळी, दरवाज्याच्या रबरावर स्प्रेचे कण, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा वेगळाच पोत अशा खुणा दिसतात. पत्र्यावर लांबी (खड्डा भरायची पुटी) भरलेली असेल तर छोटं लोहचुंबक तिथे नीट चिकटत नाही (चुंबक मऊ कापडात गुंडाळून लावा). गॅरेजमध्ये मारलेल्या रंगाची जाडी आणि कडकपणा सांगता येत नाही, तेव्हा तिथे हात हलका ठेवायचा.

मूळ रंगातली जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर असेल तर गोष्ट वेगळी. त्यांच्यावर क्लिअर कोट नसतोच. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर तो एकाच थराचा रंग आहे. तो छान उजळतो, पण जे निघतंय तो खुद्द रंगच आहे हे विसरू नका. आणि मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच लावू नका. मॅटपणा गेला की परत येत नाही.

धुणं, आणि नीट धुणं

धूळ म्हणजे बारीक वाळू. तिच्यावर कोरडं फडकं फिरवलं की प्रत्येक कण रंगावर रेघ ओढत जातो. ओलं फडकं आणि एकच बादली घेऊन ओळीने दहा गाड्या पुसल्या की दहाव्या गाडीवर आधीच्या नऊ गाड्यांची माती फिरते. गाड्या पुसणाऱ्या दादांचा यात दोष नाही. पहाटे तेवढ्या वेळात तेवढ्या गाड्या आणि तेवढ्याच पाण्यात हेच शक्य असतं. त्यांचं काम बंद करू नका, ठरलेले पैसे द्या आणि सांगा, "दादा, फक्त काचा पुसत जा, बॉडी रविवारी मी धुतो." त्यांना वेगळं मायक्रोफायबर कापडही देऊन ठेवा.

घरी धुताना दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी पाइपने किंवा प्रेशर वॉशरने सुटी माती वाहून जाऊ द्या. प्रेशर वॉशरचं नोझल दीड-दोन फुटांपेक्षा जवळ नेऊ नका आणि रंगाचे पापुद्रे निघालेल्या जागी तर अजिबात मारू नका. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून वरून खाली या: छत, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा अर्धा भाग आणि शेवटी बंपर आणि खालची पट्टी, कारण खडी-चिखल तिथेच असतो. एक पॅनल झालं की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून घ्यायचा, मगच परत शाम्पूत. पाचेक पॅनल झाल्यावर त्या दुसऱ्या बादलीचा तळ बघा. तिथे साचलेली वाळू एरवी रंगावर फिरली असती. चाकांचा मोजा आणि बादली वेगळी ठेवा. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात.

शाम्पू गाडीचाच घ्या, पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांड्यांचा लिक्विड साबण आणि कपड्यांची पावडर मेणाचा थर काढून टाकतात आणि रबरही कोरडं पाडतात.

पाण्याचा विषय महाराष्ट्रात सोडून चालत नाही. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं. ते रंगावर वाळलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके राहतात आणि उन्हात भाजून क्लिअर कोटमध्ये रुततात. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी लोक मोठ्या काळजीने साठवून गाडीला वापरतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला किंवा संडासात वापरा, गाडीला नको. गच्चीवरून साठवलेलं पावसाचं पाणी मात्र मऊ असतं, शेवटच्या धुण्याला उत्तम. पाणी कुठलंही असो, ते अंगावर वाळू द्यायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात सकाळी सातच्या आत काम सुरू करा. हाताला पत्रा गार लागला पाहिजे.

पाण्याची टंचाई असेल किंवा सोसायटी पाइप लावू देत नसेल, तर रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. एका बादलीत गाडी होते आणि नंतर पाणी मारावं लागत नाही. गाडी चिखलाने माखलेली नसेल तर ही पद्धत खरोखर चांगली आहे.

पुसायला ५०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) वरचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल घ्या. तो पॅनलवर पसरून अलगद ओढायचा, घासायचा नाही. टॉवेल धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याने तो पाणी शोषेनासा होतो. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी बाजूला.

चिकटलेलं काढणं

स्वच्छ दिसणारी गाडी स्वच्छ असतेच असं नाही. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ती खरखर म्हणजे रुतून बसलेले लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक. हे न काढता पॉलिश केलं तर तेच कण पॅडखाली फिरतात.

क्रम असा ठेवा. आधी डांबर: टार रिमूव्हर कापडाला लावून ठिपक्यावर मिनिटभर धरायचं, मग पुसायचं. (बरेच जण रॉकेल वापरतात. डांबर निघतं, पण तेलकट थर राहतो आणि रबराला ते मानवत नाही.) मग आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंडाशी प्रतिक्रिया होऊन तो जांभळा होतो आणि दाराखालच्या पांढऱ्या पत्र्यावरून जांभळे ओघळ उतरताना दिसतात. वास सडक्या अंड्यासारखा उग्र, त्यामुळे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून काम करा. तो वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. रेल्वे लाइनच्या शेजारी गाडी उभी राहत असेल तर जांभळा रंग किती निघतो हे बघून थक्क व्हाल.

क्षारांच्या ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओलं कापड ठिपक्यावर मिनिटभर ठेवा आणि लगेच धुवा. पत्रा गरम असताना हे करायचं नाही. यानेही न गेलेले ठिपके रुतलेले आहेत, ते पॉलिशच्या वेळी बघू.

उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी. मळलेल्या कणकेएवढा मऊ करून चपटा करा, पॅनलवर भरपूर क्ले लुब्रिकंट (वडी सरकावी म्हणून वापरायचं द्रावण) फवारा आणि दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. आधी अडखळतो, मग एकदम गुळगुळीत सरकायला लागतो. तिथे थांबा. वडी मळकट झाली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडली तर टाकून द्या, धुऊनही वापरू नका. क्लेने स्वतःचेही बारीक चरे पडतात, म्हणून तो पॉलिशच्या आधी आणि एरवी वर्षातून एक-दोनदाच.

पॉलिश

गॅरेजमध्ये "रबिंग-पॉलिश करून देतो" म्हणतात ते बहुधा रोटरी मशीनवर लोकरीचं पॅड लावून केलेलं असतं. काम झटपट होतं, पण नवख्या हातात एका जागी उष्णता साठते आणि कडेवरचा रंग काही सेकंदांत उडतो. शिवाय उन्हात लाटालाटांची सावली दिसत राहते, तिला होलोग्राम म्हणतात. नव्या माणसाने ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीन घ्यावं. त्याचं पॅड फिरताना हलतंही, त्यामुळे एका बिंदूवर उष्णता साठत नाही. सोबत पाच इंची फोमची किमान तीन-चार पॅड, एक बारीक पॉलिश आणि एक कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं, भरड पॉलिश.

हेडलाइट, रबर, खडबडीत काळं प्लास्टिक, नावाची अक्षरं या सगळ्यांना मास्किंग टेप लावा. प्लास्टिकवर वाळलेलं पॉलिश पांढरं पडतं आणि काढताना नाकी नऊ येतात. बॉनेटच्या आणि दरवाज्यांच्या धारदार घड्यांवरही टेप लावा, कारण तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

मग दीड फूट बाय दीड फुटाचा एक चौकोन निवडा आणि सगळे प्रयोग त्यावरच करा. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य जोडीने, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने ऐंशी टक्के चरे गेले तर संपूर्ण गाडीला तेच वापरायचं, कंपाउंडची बाटली उघडायची नाही. नाही गेले तर तेच पॉलिश जरा कडक पॅडवर, आणि तरी नाही गेले तरच कंपाउंड. नवशिक्याला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो, पण पुढचे सगळे निर्णय इथेच होतात. गाडीगाडीचा क्लिअर कोट वेगळा असतो. काही मऊ, दोन फेऱ्यांत साफ होणारे, काही असे कडक की बारीक पॉलिशला दादच देत नाहीत.

हात कसा फिरवायचा ते सावकाश बघू. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. मशीन बंद असतानाच पॅड पृष्ठभागावर टेकवा, नाहीतर पॉलिश भिंतीपर्यंत उडेल. सगळ्यात कमी वेगावर ते चौकोनभर पसरवा, मग वेग चार-पाचवर न्या. आधी आडव्या ओळी, मग उभ्या. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढली पाहिजे. हात इतका हळू चालला पाहिजे की सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. घाईत फिरवलेलं मशीन काहीच कापत नाही. दाब किती द्यायचा हे कळण्यासाठी पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं झालं, म्हणजे मशीन नुसतं थरथरतंय. दोन्ही दिशांनी दोन-तीन फेऱ्या झाल्या की पॉलिशचा थर पातळ, पारदर्शक होतो. तिथे थांबा आणि मऊ कापडाने पुसा. पत्र्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसायला नको.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झटका. पॅडमध्ये वाळलेलं पॉलिश आणि निघालेला क्लिअर कोट साचतो, आणि मग तेच चरे पाडायला लागतं. पॅड ओलं-गच्च झालं की बदला.

आता चौकोनावर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसा आणि टॉर्च धरा. पॉलिशमधलं तेल चरे तात्पुरते झाकतं, म्हणून ही पायरी वगळू नका. बाहेर काम करून घेतलंत तरी पैसे देण्याआधी एका पॅनलवर हीच चाचणी मागा. नुसतं चरे भरणारं ग्लेझ लावून दिलं असेल तर अल्कोहोलच्या एका पुसण्यात चरे परत दिसतात.

हाताने पॉलिश करून काय होतं? चमक थोडी वाढते, एखाददुसरा हलका चरा जातो, दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे तर हातानेच काढावे लागतात. पण अख्खं बॉनेट हाताने समसमान करणं जवळपास अशक्य आहे. पहिल्या रविवारी फक्त बॉनेट करा. संपूर्ण गाडीला नवख्या माणसाचे दोन दिवस सहज जातात आणि थकलेल्या हातानेच कडा जळतात.

वरचं संरक्षण

पॉलिश झालेला रंग उघडा असतो, त्याच दिवशी झाका. ब्राझीलच्या ताडाच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा मेण सुंदर ओलसर चमक देतं, पण आपल्या उन्हात काही आठवडेच टिकतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने जातो, आणि नवशिक्याला मी तोच सुचवेन: पातळ लावा, धूसर होऊ द्या, पुसा. सिरॅमिक कोटिंग सिलिकायुक्त असतं आणि वर्षानुवर्षं टिकू शकतं, पण ते चढवताना राहिलेला डाग पुन्हा पॉलिश करूनच निघतो. त्याखाली राहिलेले चरेही तसेच बंद होतात. आणि सिरॅमिकने दगडाचे टवके थांबत नाहीत. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते. द्रुतगती महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीला निदान बॉनेटच्या पुढच्या भागावर ती लावलेली बरी.

दगडाने उडालेल्या टवक्यांसाठी टचअप पेन येतं. रंगाचा कोड इंजिनच्या कप्प्यातल्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. टवका अल्कोहोलने पुसून टाचणीच्या टोकाने किंवा टूथपिकने रंगाचा थेंब आत सोडा आणि वाळला की दुसरा. तो जवळून दिसणारच, पण गंज थांबेल, आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तेच महत्त्वाचं.

पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात. १०००, मग २०००, मग ३००० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी टाकत घासून पॉलिश केलं की लख्ख होतात, पण वर अतिनील किरण अडवणारा (यूव्ही) सीलंट लावला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे.

रोजची निगा

पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा. ओला टिश्यू दोन मिनिटं वर ठेवा, मऊ होऊ द्या, मग उचला. उन्हात राहिली तर रंगावर कायमची खूण उमटते. आंबा मोहरला की त्याच्याखाली गाडी लावू नका. मोहरावरचे तुडतुडे चिकट स्राव सोडतात, त्यावर धूळ आणि काळी बुरशी धरते. लावावीच लागली तर रोज नुसतं पाणी मारा, कारण ताजा चिकटा पाण्याने निघतो.

दसऱ्याला गाडीची पूजा आपण सगळेच करतो. ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. पांढऱ्या रंगावर हळद धरते, आणि वाळलेलं कुंकू कोरडं पुसलं तर त्याचे कण रंगावर घासतात. झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधा आणि संध्याकाळी काढून ठेवा. गाडी चालताना हलणारा हार ग्रिलच्या वरच्या कडेला बारीक चरे पाडत राहतो.

कव्हर घालत असाल तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घाला. धुळीच्या गाडीवरचं कव्हर वाऱ्याने फडफडलं की रात्रभर पॉलिशपेपर फिरल्यासारखं होतं. पावसाळ्यात ते काढलेलंच बरं, आतली ओल कोंडून राहते. बाहेर जाताना डिकीत रिन्सलेस वॉशची फवारणीची बाटली आणि दोन धुतलेली मायक्रोफायबर कापडं झिपच्या पिशवीत ठेवा.